सर्व्हरची हजेरी

पुणे-बंगळूर महामार्गावर कोल्हापूर मागं टाकून कर्नाटकच्या हद्दीकडे निघालं की कागलच्या अलीकडे पंचतारांकित वसाहतीचा फाटा लागतो. कागदोपत्री नाव कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक क्षेत्र, कारण जमीन दोन्ही तालुक्यांतली. इथं किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिनं बनतात, रेमंडचं शर्टिंगचं तलम सुती कापड विणलं जातं, इंडो काउंटच्या चादरी परदेशी जातात. शिवाजी उद्यमनगरातून शिरोलीला, तिथून गोकुळ शिरगावला आणि मग कागलला असा कोल्हापूरचा उद्योग सरकत आला. त्याच्याबरोबर मशिन स्वतः उघडून बघणारा माणूसही आला. त्याला आपल्या शॉपमधला प्रत्येक लेथ माहीत असतो. कोणत्या साली घेतला, बेड कधी ग्राइंड केला, बेअरिंग कोणी बदललं, सगळं तोंडपाठ. त्याच माणसाला विचारा, तुमच्या नेटवर्कवर सर्व्हर किती? तो आयटीवाल्याकडे बघतो, आणि आयटीवाला एक्सेलची फाइल उघडतो.

ती फाइल सहसा चुकीची असते. कोणी आळशीपणा केलेला नसतो. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये वस्तू येते ती खरेदीच्या बिलावरून, नेटवर्कवर मात्र ती येते केबल लावल्यावर. ईआरपीचा सर्व्हर रजिस्टरला असतो, टॅलीचा असतो. पण गेटवरच्या वजनकाट्याचा पीसी वजनकाट्याच्या बिलात गेलेला असतो, स्पेक्ट्रोमीटरशेजारचा संगणक स्पेक्ट्रोच्या बिलात. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर सिक्युरिटीच्या खात्यावर. व्हीएमसी या संगणकचालित मिलिंग मशिनला प्रोग्रॅम पाठवणारा डीएनसीचा डबा वेंडरनं बसवला, चालू करून दाखवला आणि तो गेला. बायोमेट्रिक मशिन एचआरनं मागवलं. या प्रत्येकाला आयपी पत्ता आहे आणि यातले कितीतरी आतून सर्व्हरच आहेत, म्हणजे कोणीतरी जोडणी मागितली तर उत्तर द्यायला बसलेले.

या सगळ्यांची यादी नेटवर्कलाच विचारून करणारं साधन कमांड लाइनवरचं असतं. काळा पडदा, एक कमांड, तिच्यापुढे पत्त्यांची रेंज. एंटर दाबलं की ओळींमागून ओळी येतात: पत्ता, नाव, कोणती पोर्ट उघडी, कोणती सिस्टीम, किती दिवस चालू. या साधनाचा मुख्य कोड अनेकदा दोन-तीन पानांत मावतो. खरा पसारा असतो बाजूच्या फाइलमध्ये, जिला प्रोग्रॅमर ‘यूटिल्स’ म्हणतात. पत्ता वाचायचा, थांबायचं किती ते ठरवायचं, आलेलं उत्तर धुऊनपुसून सारखं करायचं, तक्ता छापायचा. ही कामं कोणी मिरवत नाही. माझ्या मते मात्र साधनाची लायकी याच फाइलमध्ये ठरते, म्हणून हा परिचय तिचा.

या घराण्यातला मूळपुरुष ‘पिंग’. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस यांनी तो डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. एक छोटा संदेश पाठवायचा आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. सप्टेंबर १९९७ मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकाच्या ५१ व्या अंकात गॉर्डन लायन यांचा ‘एनमॅप’ छापून आला, साधारण दोन हजार ओळींची एकच फाइल. आज जगभरचे नेटवर्कवाले तो वापरतात आणि त्याच्यावर आपापली छोटी साधनं रचतात.

विचारण्याची रीत साधी आहे. एकाच स्विचवरच्या यंत्रांना एआरपीनं विचारायचं: हा पत्ता कोणाचा? ज्याचा असेल तो आपला मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता, सांगतो. मग टीसीपीनं एकेक पोर्ट, म्हणजे एकेका सेवेचं दार, ठोठावायचं. २२ म्हणजे एसएसएच, ४४५ म्हणजे विंडोजचं फाइल शेअरिंग, ३३८९ म्हणजे रिमोट डेस्कटॉप, ५०२ म्हणजे कारखान्यांतल्या कंट्रोलरांची मॉडबस. उत्तरं तीन प्रकारची येतात. ‘ये’ आलं तर तिथं सेवा चालू आहे. स्पष्ट नकार आला तर सेवा नाही, पण यंत्र जिवंत आहे. म्हणजे नकारसुद्धा हजेरीच. तिसरा प्रकार शांततेचा, आणि सगळी अडचण तिथं आहे. यंत्र बंद आहे, मध्ये फायरवॉल आहे, की ते फक्त सावकाश आहे? हे कळायला थांबण्याशिवाय इलाज नसतो.

किती थांबायचं हे ठरवणारं एक छोटं फंक्शन असतं. एका साध्या ऑफिस रेंजमध्ये वापरता येण्याजोगे पत्ते २५४. प्रत्येकासाठी एक सेकंद थांबलं तर सव्वाचार मिनिटं, चालेल. पत्त्यापुढचा तिरप्या रेघेनंतरचा आकडा २४ ऐवजी १६ पडला तर पत्ते ६५,५३६ होतात आणि अठरा तास लागतात. आठ पडला तर १,६७,७७,२१६ पत्ते, म्हणजे १९४ दिवस. चांगला यूटिलिटी कोड रेंज वाचतानाच हे गणित करतो, विचारतो की एवढे पत्ते खरंच हवेत का, आणि स्पष्ट परवानगीशिवाय पुढे जात नाही. घाई असेल तर एका वेळी पन्नास-शंभर पत्ते समांतर विचारता येतात. ऑफिसात ते ठीक. शॉप फ्लोअरवर तेच घातक ठरतं, आणि त्याचे दाखले नोंदलेले आहेत.

अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेच्या २००५ च्या अहवालात दोन प्रसंग आहेत. अमेरिकेच्याच एनआयएसटी या मानक संस्थेनंही आपल्या औद्योगिक नियंत्रण प्रणालींच्या मार्गदर्शिकेत ते घेतले. तीन मीटर लांबीचे रोबोटिक हात चालवणाऱ्या नेटवर्कवर पिंग फिरवला गेला आणि स्टँडबायवर असलेला एक हात अचानक जागा होऊन १८० अंशांत फिरला. खोलीतला माणूस त्याच्या कक्षेबाहेर होता म्हणून वाचला. दुसरा प्रसंग चिप बनवणाऱ्या कारखान्यातला. तिथं नेटवर्कवर कोण कोण आहे याची यादी करायची, एवढाच हेतू होता. पिंगनं एक नियंत्रण यंत्रणा गोठली आणि ज्यांवर चिप घडतात ते ५०,००० डॉलरचे वेफर वाया गेले.

यात पिंग पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. जुने कंट्रोलर ठरलेल्या एका मास्टरशी ठरलेल्या लयीत बोलण्यासाठी घडवलेले असतात. अनोळखी प्रश्नांचा लोंढा आला तर काही गोंधळतात, काहींच्या मोजक्या जोडण्या अर्धवट उघड्या राहून अडकतात आणि वीज बंद-चालू केल्याशिवाय सुटत नाहीत. कागलमध्ये याचा अर्थ काय ते मेंटेनन्सच्या माणसाला सांगावं लागत नाही. प्रोसेस हाऊसमधला स्टेंटर कापड आत असताना थांबला तर गरम चेंबरमधलं कापड होरपळतं. व्हीएमसी कापता कापता थांबली तर जॉब स्क्रॅप. इंडक्शन फर्नेसमध्ये वितळलेलं लोखंड असताना कंट्रोलरशी खेळ नको.

म्हणून या फाइलमधली दोन फंक्शन मला सगळ्यांत महत्त्वाची वाटतात. पहिलं वगळायच्या पत्त्यांची यादी वाचतं आणि प्रत्येक प्रश्न पाठवण्याआधी तपासतं. मधूनच नाही, शेवटी नाही, प्रत्येक वेळी आधी. ती यादी सापडली नाही तर साधनानं ‘वगळायचं काहीच नाही’ असं समजून पुढे न जाता तिथंच थांबलं पाहिजे. दुसरं फंक्शन वेग आवरतं: सेकंदाला किती प्रश्न, एका यंत्राला एका वेळी किती, नकार आला तर पुन्हा विचारायचं की सोडून द्यायचं. आणि खरं तर शॉप फ्लोअरच्या यंत्रांना विचारूच नये. त्यांच्या स्विचला विचारावं. कोणत्या पोर्टवर कोणता मॅक पत्ता दिसला याचा तक्ता मॅनेज्ड स्विच स्वतःजवळ ठेवतो आणि एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलनं तो वाचता येतो. कंट्रोलरला धक्काही लागत नाही.

उत्तरं हाती आली की पुढचा प्रश्न येतो: एक यंत्र म्हणजे नेमकं काय? सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं असतील तर तो यादीत दोनदा दिसतो. एका लोखंडी डब्यात आठ व्हर्च्युअल मशिन असतील तर डबा एक आणि नावं आठ. मॅक पत्त्याचा पहिला अर्धा भाग बनवणाऱ्याचा असतो. ००:५०:५६ दिसलं की ते व्हीएमवेअरचं आभासी कार्ड हे कळतं. पण एक स्विच हा पत्ता कोलन घालून लिहितो, दुसरा आडव्या रेघा घालून, तिसरा चार-चार अक्षरांचे गट करून मध्ये टिंब देतो. कोणी मोठी अक्षरं वापरतो, कोणी लहान. हे सगळं काढून बारा अक्षरांची एकच ओळ करणारं फंक्शन पाच ओळींचं असतं. ते नसेल तर एकच सर्व्हर तीन नावांनी नांदतो.

मग सीरियल नंबर वापरावा, असं नवख्याला वाटतं. ब्रँडेड सर्व्हरला तो चालतो. पण लहान कारखान्यांत सर्व्हर म्हणून असेंबल केलेला पीसी चालतो. त्याच्या मदरबोर्डला सीरियल नंबर विचारला की कितीदा तरी उत्तर येतं ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’. जोडणाऱ्यानं ती जागा भरलेलीच नसते. असे पाच पीसी असतील तर पाचांचं उत्तर अक्षरशः एकच, आणि सीरियलवर विसंबणारं साधन त्या पाचांचा एक करून टाकतं. म्हणून अशा पोकळ उत्तरांची एक यादी कोडमध्ये ठेवावी लागते: हे आलं तर सीरियल नाही असंच धरा. ही यादी पुस्तकातून मिळत नाही. एकेका कारखान्यात फिरून ती वाढत जाते.

आणखी एक बारकावा सांगितल्याशिवाय राहवत नाही. यंत्र किती वेळ चालू आहे हे एसएनएमपी सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजून सांगतं आणि तो आकडा ३२ बिटांत बसवलेला असतो. तो ४९७ दिवसांनी भरतो आणि शून्यापासून पुन्हा सुरू होतो. ४९८ दिवस बंद न झालेला, म्हणजे अपडेट होऊन रीस्टार्टही न झालेला सर्व्हर यादीत ‘कालच चालू झालेला’ दिसू शकतो. ज्याच्याकडे सर्वांत आधी बघायला हवं तोच लपतो. दुसऱ्या मार्गानं चालू होण्याची तारीख मिळत असेल तर ती ताडून बघणं हे यूटिलिटी कोडचं काम.

शेवटी छपाई. आयपी पत्ते मजकूर म्हणून क्रमानं लावले तर १९२.१६८.१.१० हा १९२.१६८.१.२ च्या आधी येतो. आधी त्यांचा आकडा करून मग क्रम लावावा लागतो. जागेच्या रकान्यात ‘भट्टी विभाग’ किंवा ‘स्टोअर मागची खोली’ असं मराठीत लिहिलं तर काळ्या पडद्यावर रकाने वेडेवाकडे होतात, कारण काना-मात्रा-वेलांटीसह अक्षरं मोजण्याचा हिशेब साध्या फंक्शनला जमत नाही. तीच यादी सीएसव्ही करून एक्सेलमध्ये उघडली की मराठीच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसतात. फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची खूण घातली की मराठी नीट दिसतं. हे करायलाच हवं. यादी शेवटी वाचणार आहेत स्टोअरकीपर आणि शिफ्ट सुपरवायझर, आणि खोलीचं नाव त्यांना त्यांच्या भाषेतच ओळखू येतं.

एवढी खटपट कशासाठी, हे २०१७ नं शिकवलं. मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्ये दुरुस्ती दिली होती. १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस आला तो ४४५ पोर्टच्या वाटेनं, ती दुरुस्ती न पोचलेल्या यंत्रांत. जी यंत्रं यादीतच नव्हती त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार तरी कशी? २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला आणि मर्स्क या जहाज वाहतूक समूहाचं जेएनपीटीमधलं टर्मिनल ठप्प झालं. कोल्हापूरचा निर्यातीचा माल ज्या न्हावाशेव्यातून जहाजावर चढतो, तेच हे बंदर. मर्स्कला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्यानं उभे करावे लागले, हे त्यांच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे आणि लॉग १८० दिवस जपायचे आहेत. आपल्याकडे काय काय आहे हेच ठाऊक नसेल तर सहा तास शोधण्यातच जातील.

वसाहतीतल्या प्रत्येक कारखान्याला माझं सांगणं आहे. मोठं सॉफ्टवेअर घेण्याची वाट बघू नका. मालकाची लेखी परवानगी घ्या. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं, आणि शेजारच्या प्लॉटची रेंज चुकूनही टाइप होता कामा नये. साप्ताहिक सुट्टीचा दिवस धरा, मेंटेनन्सचा अनुभवी माणूस शेजारी बसवा, कंट्रोलरांचे पत्ते त्याच्याकडून विचारून वगळायच्या यादीत आधी घाला आणि सुरुवात ऑफिसच्या २५४ पत्त्यांपासून करा. जे नाव कोणालाच ओळखू येणार नाही, त्याची केबल धरून चालत जा आणि ती कुठं संपते ते बघा. मग ती जागा, तो डबा आणि त्याची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचं नाव यादीत लिहा.