व्हेंटिलेटरवरून उतरताना

अतिदक्षता विभागातल्या रात्रपाळीच्या परिचारिकेला एका गोष्टीची सतत धास्ती असते. गुंगी उतरत आलेला रुग्ण हात मोकळा करून घेतो आणि घशातली नळी स्वतःच उपसून काढतो. अलार्म वाजू लागतात, डॉक्टर धावत येतात, नळी पुन्हा घालायची तयारी होते. पण अशा घटनांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की त्यांतल्या साधारण निम्म्या रुग्णांना नळी पुन्हा घालावीच लागत नाही. स्वतःच्या बळावर श्वास घेण्याइतके ते आधीच सुधारलेले होते, फक्त कुणी ते तपासून पाहिलं नव्हतं.

‘व्हेंटिलेटर काढणार’ म्हटलं की बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. आत मात्र हे बरं होण्याच्या वाटेवरचं रोजचं काम असतं. डॉक्टर त्याला ‘वीनिंग’ म्हणतात. स्पेनमधल्या अतिदक्षता विभागांची पाहणी 1994 साली प्रसिद्ध झाली. रुग्ण व्हेंटिलेटरवर असतो त्यातला सुमारे 40 टक्के काळ त्यावरून उतरवण्यातच जातो, असं तीत आढळलं.

यंत्राने श्वास देण्याची आजची पद्धत रुळली ती कोपनहेगनमध्ये. 1952च्या पोलिओच्या साथीत तिथल्या ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासयंत्रांवर ठेवलेल्या पहिल्या 31 रुग्णांपैकी 27 दगावले. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्याला छेद देऊन नळी घालण्याचा आणि पिशवी दाबून फुफ्फुसांत हवा भरण्याचा मार्ग सुचवला. सुमारे 1500 वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने रात्रंदिवस पिशव्या दाबल्या आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने घसरलं. पुढे विद्यार्थ्यांच्या हातांची जागा यंत्रांनी घेतली आणि श्वास देणं सोपं झालं. तो थांबवायचा कधी, याचं उत्तर मात्र बराच काळ प्रत्येक डॉक्टरच्या अंदाजावर चालत राहिलं.

चालढकलीची किंमत शरीर मोजतं. छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल हा श्वासाचा मुख्य स्नायू. अमेरिकेतल्या संशोधकांनी मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे नमुने तपासले. हे दाते 18 ते 69 तास पूर्णपणे व्हेंटिलेटरवर होते. तेवढ्यात स्नायुतंतूंच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ निम्म्याहून खाली आलं होतं. हा अभ्यास 2008चा. प्लॅस्टरमधून काढलेला पाय जसा काटकुळा दिसतो, तसंच हे; फरक इतकाच, की इथे वाळतो तो श्वासाचा स्नायू. शिवाय नळी घशात जितके दिवस, तितकी न्यूमोनियाची भीती जास्त.

पूर्वी आधाराची मात्रा हळूहळू कमी करत न्यावी, असं बहुतेकांना वाटे. आंद्रेस एस्तेबान आणि त्यांच्या स्पॅनिश सहकाऱ्यांनी 1995 साली चार पद्धती एकमेकींशी ताडून पाहिल्या. दिवसातून एकदा रुग्णाला सरळ स्वतःच्या श्वासावर सोडून पाहणं ही पद्धत सरस ठरली. यंत्राने द्यायच्या श्वासांची संख्या हळूहळू कमी करण्याच्या पद्धतीपेक्षा तिने रुग्ण जवळपास तिप्पट वेगाने सुटले. वर्षभराने अमेरिकेत वेस्ली एली यांच्या गटाने 300 रुग्णांवर रोजच्या तपासणीचा नेम लावला. व्हेंटिलेटरवरचा मध्यक काळ 6 दिवसांवरून साडेचारवर आला.

चाचणी दिसायला साधी आहे. मूळ आजार आटोक्यात आलेला हवा, ऑक्सिजनची गरज कमी झालेली हवी, रक्तदाब स्थिर हवा आणि खोकल्यात जोर हवा. मग यंत्राचा आधार नाममात्र ठेवतात किंवा नळीला टी-पीस (टी-आकाराची जोडनळी) लावतात, आणि अर्धा तास ते दोन तास नुसतं पाहत राहतात. श्वास मिनिटाला 35च्या वर गेले, ऑक्सिजन घसरला, नाडी भरधाव धावू लागली, कपाळावर घाम फुटला, तर त्या दिवसापुरती चाचणी थांबवायची. यांग आणि टोबिन यांनी 1991मध्ये आणखी एक सोपं गणित दिलं. मिनिटातल्या श्वासांच्या संख्येला एका श्वासातल्या हवेच्या लिटरांनी भागायचं. 20 श्वास आणि 400 मिली हवा, म्हणजे 50, चिंता नाही. 35 श्वास आणि 250 मिली, म्हणजे 140. आकडा 105च्या वर गेला, तर श्वास उथळ आणि घाईचा आहे.

पण गुंगीत असलेला माणूस चाचणी देणार कशी? शिकागोत जॉन क्रेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुंगीची औषधं रोज काही काळ बंद करून पाहिली. त्यांचा अभ्यास 2000 साली आला. व्हेंटिलेटरचा मध्यक काळ 7.3 दिवसांवरून 4.9वर आला. रोज जागं करणं आणि रोज श्वासाची चाचणी, ही जोडी 2008 साली 336 रुग्णांवर तपासली गेली, तेव्हा वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाणही वाढलेलं आढळलं.

प्रत्येकाची वाट मात्र वेगळी. मण्यार चावलेल्या तरुणाची फुफ्फुसं धडधाकट असतात. विषाने लुळे पडलेले स्नायू ताळ्यावर आले की तो सहसा झटकन सुटतो. सीओपीडी या फुफ्फुसांच्या दीर्घकालीन आजाराच्या जुन्या रुग्णाला नळी काढल्यावर काही काळ मास्कवाटे दाबाने हवा द्यावी लागते. काहींची अडचण फुफ्फुसात नसतेच. यंत्राचा दाब निघाला की दुबळ्या हृदयावर अचानक भार येतो आणि फुफ्फुसांत पाणी साचतं. अशा वेळी लघवीवाटे पाणी काढणारं औषध पुढच्या चाचणीचा निकाल पालटू शकतं.

चाचणीत पास झालेल्यांपैकीही साधारण दहा ते वीस टक्के रुग्णांना नळी पुन्हा घालावी लागते, आणि त्यांच्या जिवाला धोका जास्त असतो. त्यामुळे घाईही महागात पडते. कफ बाहेर टाकता येतो का, सूज येऊन घसा बंद होणार नाही ना, हे आधी पाहतात. महिनोन्‌महिने अडकलेल्यांसाठी गळ्यातून नळी, फिजिओथेरपी आणि पुरेसं अन्न यांची सांगड घालावी लागते. नळी असतानाच रुग्णाला बसवणं, उभं करणं, जमल्यास चालवणंही सुरू होतं. 2009मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असा लवकर व्यायाम मिळालेल्यांपैकी 59 टक्के रुग्ण घरी जाताना स्वतःची कामं स्वतः करू शकत होते. इतरांत हे प्रमाण 35 टक्के होतं.

भेटीच्या वेळी नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न असतो, “डॉक्टर, मशीन कधी निघणार?” त्याची तारीख कुणालाच देता येत नाही. “आज गुंगी कमी केली होती का? श्वासाची चाचणी झाली का? थांबवावी लागली असेल, तर कशामुळे?” या प्रश्नांना मात्र त्या दिवसाचं नेमकं उत्तर असतं, आणि ते रुग्णाच्या चार्टवर लिहिलेलं सापडायला हवं.