तपकिरी डाग नक्की कुणाचा?

आज सुरुवातीलाच एक चित्र डोळ्यांसमोर आणा. काचेच्या पट्टीवर स्तनाच्या गाठीचा पातळ काप आहे, त्यातल्या काही पेशी तपकिरी झाल्यात. संशोधक सांगतो, "हे बघा, इथे ईआर-बीटा आहे." आपला प्रश्न साधा: कशावरून?

ईआर-बीटा हे इस्ट्रोजेन हार्मोनचा निरोप घेणारं प्रोटीन. निरोप मिळाला की ते पेशीतली काही जीन्स चालू-बंद करतं. कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी १९९६ मध्ये ते जगासमोर आणलं. थोरला भाऊ ईआर-अल्फा आधीच माहीत होता. स्तनाच्या कर्करोगात टॅमॉक्सिफेन त्यालाच अडवतं. मग धाकट्यावरही औषध निघेल, अशी आशा लागली.

पण प्रोटीन दिसत नाही, म्हणून अँटिबॉडी वापरतात. ती प्रोटीनच्या एका छोट्या तुकड्याला चिकटते आणि मग रसायनं टाकून त्या जागी तपकिरी रंग आणतात. म्हणजे डाग काय सांगतो? "अँटिबॉडी इथे चिकटली." बस्स, एवढंच! कुणाला चिकटली, ते नाही सांगत. मोबाइलवर 'राम' सर्च करा, 'आराम' पण येतो, 'रामफळ' पण येतं. तसंच आहे हे.

यावर उपाय आम्हा कोडवाल्यांना ओळखीचा वाटेल. जिथे उत्तर रिकामं यायलाच हवं, तिथे चालवून बघायचं. ज्या पेशींत ते प्रोटीन नाहीच, त्यांना अँटिबॉडी लावा. तरी डाग आला तर ती दुसऱ्याच कुणाला तरी धरतेय. आणि हे प्रत्येक पद्धतीत वेगळं तपासावं लागतं बरं का. वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रोटीन उलगडलेलं असतं, कापात तसं नसतं. एकीकडे पास झालेली अँटिबॉडी दुसरीकडे नापास होऊ शकते.

२०१७ मध्ये स्वीडनमधल्याच एका टीमने ईआर-बीटाच्या १३ अँटिबॉडी अशा कसून तपासल्या. नेचर कम्युनिकेशन्समध्ये निकाल आला: ऊतींच्या कापांवर भरवशाची फक्त एक! नाव पीपीझेड०५०६, वायफायचा पासवर्ड वाटावा असं. आणि ती फारशी कुणी वापरतच नव्हतं.

तिने ४४ प्रकारच्या निरोगी ऊती आणि २१ प्रकारचे कर्करोग तपासले. वृषणात, अंडाशयात, लिम्फच्या पेशींत, काही मेलानोमात आणि थायरॉइडच्या काही कर्करोगांत प्रोटीन सापडलं. स्तनात? निरोगी नाही, कर्करोगाच्या नाही, कुठेच पुरावा नाही. आरएनएची आकडेवारीही हेच सांगत होती. आणि तोवर वीस वर्षं गेली होती.

मला यात फसवाफसवी दिसत नाही. आधीच्या पेपरात होती म्हणून पुढच्यात तीच अँटिबॉडी, एवढंच झालं असावं. स्टॅक ओव्हरफ्लोवरचं पहिलं उत्तर न वाचता चिकटवणारा मी कोणत्या तोंडाने हसू?

तुमच्यापैकी कुणी लॅबमध्ये असाल तर व्हॉइस नोट पाठवा: प्रोटीन नसलेल्या पेशींची पट्टी तुमच्याकडे शेवटची कधी लावली होती?