छप्पन्न अंश! खरं की काय?

उन्हाळा म्हणजे काय, हे नागपूरच्या मुलामुलींना कोणी शिकवायची गरज नाही. मे महिना आला की कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लागतात. दुपारी रस्ते सामसूम होतात. बाहेर निघायचंच झालं, तर आजी खिशात कांदा ठेवायला विसरू देत नाही. आणि नवतपाचे ते नऊ दिवस? विचारूच नका! २३ मे २०१३ या दिवशी इथे तापमान ४७.९ अंश सेल्सिअसपर्यंत पोचलं होतं.

पण ३० मे २०२४ रोजी जे झालं, त्याने अस्सल नागपूरकरांचेही डोळे विस्फारले. शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने तापमान दाखवलं, ५६ अंश!

बापरे! हवेच्या तापमानाचा जागतिक उच्चांक मानला जातो ५६.७ अंश. तो १० जुलै १९१३ रोजी अमेरिकेतल्या ‘डेथ व्हॅली’त, म्हणजे मृत्यूच्या दरीत नोंदला गेला. मग आपलं नागपूर त्या दरीपेक्षा एक अंशानेही मागे नाही की काय?

तसं काही नव्हतं. हवामान खात्याने नंतर सांगितलं की तो आकडा बरोबर नाही. केंद्रातल्या सेन्सरमध्ये बिघाड होता. हुश्श!

घरातल्या भिंतीवर थर्मामीटर टांगलेला असला, तर त्यातला पारा आपण आपल्या डोळ्यांनी बघतो. पण यंत्रात बसवलेला सेन्सर मुका असतो. त्याला कळलेली गोष्ट आकडा होऊन पडद्यापर्यंत येते, तेव्हा मध्ये कोणीतरी निरोप्या असतो. आज त्या निरोप्याची ओळख करून घेऊ या. त्याला भेटायला लांब जायला नको. तो तुमच्या शाळेतल्या संगणकातच बसलेला आहे!

संगणकाच्या पोटातले थर्मामीटर

संगणक चालू असला की त्याचा प्रोसेसर तापतो. त्याला गार ठेवायला पंखा असतो. आता गंमत बघा. मे महिन्यात खोलीतलीच हवा चाळीसच्या घरात असेल, तर पंखा बिचारा काय करणार? तीच गरम हवा तो प्रोसेसरवर फेकत राहतो. त्यातून वर्षभराची धूळ पंख्यात अडकलेली असली, तर बघायलाच नको.

प्रोसेसर फार तापला, तर तो आधी आपला वेग कमी करतो. तरीही भागलं नाही, तर जळून जाण्यापेक्षा बंद पडलेलं बरं, म्हणून संगणक स्वतःलाच बंद करतो. तुमचा विज्ञानाचा प्रकल्प अर्धा टाईप झालेला असतो, आणि पडदा काळा!

म्हणूनच संगणकाच्या आत जागोजागी छोटे पहारेकरी बसवलेले असतात. कोणी तापमान मोजतो, कोणी विजेचा दाब, तर कोणी पंखा मिनिटाला किती फेऱ्या घेतोय ते. या पहारेकऱ्यांची भाषा समजून घेऊन ती संगणकाला सांगणारा जो छोटासा प्रोग्रॅम, तोच आपला निरोप्या. त्याचं नाव ड्रायव्हर. (हा गाडी चालवत नाही, चिप चालवतो!)

ड्रायव्हर राहतो कर्नलमध्ये. कर्नल म्हणजे सैन्यातले कर्नलसाहेब नव्हेत हं! कर्नल या इंग्रजी शब्दाचा अर्थ दाण्यातला गर. संगणक चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचा हा सगळ्यात आतला भाग. चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली, तर तेवढा एक प्रोग्रॅम बंद पडतो. पण कर्नलमध्ये चूक झाली, तर सगळा संगणकच ठप्प होऊ शकतो. म्हणून इथे काम करणाऱ्याला डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

निरोप कसा येतो?

‘एलएम ७५’ नावाची एक चिप आहे. नॅशनल सेमीकंडक्टर या अमेरिकन कंपनीने काढलेली ही चिप तापमान मोजणाऱ्या चिपांमध्ये फार प्रसिद्ध आहे. आकार नखाएवढा. उणे ५५ पासून १२५ अंशांपर्यंत तापमान ती अर्ध्या-अर्ध्या अंशाने सांगते. बोलण्यासाठी तिला दोनच तारा पुरतात. दोन तारांवरून बोलायची ही रीत फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये काढली. तिला ‘आय-टू-सी’ म्हणतात. वर्गात हजेरी घेताना बाई नंबर पुकारतात ना, तसं इथे प्रत्येक चिपला नंबर असतो. ज्याचा नंबर येईल त्याने ‘हजर’ म्हणायचं आणि आपली माहिती द्यायची. अशा आठ ‘एलएम ७५’ त्याच दोन तारांवर सुखाने नांदू शकतात.

समजा, तापमान साडेपंचेचाळीस अंश आहे. चिप दोन बाइट पाठवते. पहिल्या बाइटमध्ये पूर्ण अंश, म्हणजे ४५. दुसऱ्या बाइटमध्ये ‘वर अर्धा’ अशी खूण. ती खूण म्हणजे १२८ हा आकडा. बस्स, एवढाच निरोप!

लिनक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ड्रायव्हर हा निरोप ‘४५५००’ असा लिहून ठेवतो. घाबरू नका, संगणक पेटलेला नाही! कर्नलमध्ये अपूर्णांकांचं गणित शक्यतो टाळतात. साडेपंचेचाळीस रुपयांचे आपण ४५५० पैसे करतो ना? तसेच इथे एका अंशाचे हजार भाग करतात. तापमान मोजणाऱ्या सगळ्या ड्रायव्हरांनी याच मापात बोलायचं, असं ठरलेलं आहे. त्यामुळे चिप कोणत्याही कंपनीची असो, आकडा दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा गोंधळ होत नाही.

निरोप चुकला तर?

आता खरी गंमत. चिप अगदी शहाणी आहे, पण निरोप्याच धांदरट निघाला तर काय होईल?

पहिला धांदरटपणा : बाइटांची अदलाबदल. चिपने आधी ४५ आणि मग १२८ पाठवले. निरोप्याने आधी १२८ वाचले. चिपच्या भाषेत पहिल्या जागी १२८ आले की त्याचा अर्थ होतो उणे १२८ अंश! नागपूरच्या भर मे महिन्यात संगणक म्हणतो, मी गोठलो!

दुसरा धांदरटपणा : उणे चिन्ह विसरणे. सायकलच्या किलोमीटर मोजणाऱ्या यंत्रात ००० च्या मागे गेलं, तर काय येईल? ९९९. चिपच्या बाइटमध्ये तसंच शून्याच्या मागे २५५ येतात. म्हणजे उणे १ अंश सांगायचा असेल, तर चिप २५५ पाठवते. ही खूण निरोप्याला ठाऊक नसेल, तर लेहच्या थंडीतला संगणक सांगेल, २५५ अंश! त्याच्या मालकाला वाटेल, आग लागली.

तिसरा धांदरटपणा सगळ्यांत वाईट. चिप बिघडली, तिने ‘हजर’ म्हटलंच नाही. कोणी बोलत नसलं की त्या तारेवर नुसते ‘एक एक एक’ असे संकेत दिसत राहतात. निरोप्याने तेच खरं धरून वाचले, तर आकडा येतो उणे अर्धा अंश. म्हणजे सगळं गारेगार! आणि तिकडे प्रोसेसर शिजतोय! चांगला ड्रायव्हर अशा वेळी आकडा देतच नाही. तो ‘चूक झाली, मला वाचता आलं नाही’ एवढंच सांगतो.

परीक्षेत उत्तर येत नसलं, तर आपण काहीतरी ठोकून देतो. कधी कधी त्यावर मार्कही मिळतात! पण ड्रायव्हरने ठोकून दिलं, तर मशीन जळतं.

पंख्याचंही असंच आहे. ‘एलएम ७८’ नावाच्या चिपच्या पोटात सेकंदाला २२,५०० वेळा टिकटिक करणारं घड्याळ आहे. पंख्याची एक फेरी होईपर्यंत किती टिक झाले, ते ती मोजते. मिनिटात होतात १३,५०,००० टिक. एका फेरीला ३०० टिक लागले, तर भागाकार करा : ४५००. म्हणजे पंखा मिनिटाला ४५०० फेऱ्या घेतोय. सोपं आहे ना? पण चिपने कधी शून्य पाठवलं तर? शून्याने भागता येत नाही, हे तुम्हाला गणिताच्या बाईंनी बजावलंय. कर्नललाही ते जमत नाही. म्हणून भागाकार करण्याआधी ‘शून्य तर नाही ना?’ हे विचारणारी ओळ ड्रायव्हरमध्ये असावीच लागते.

नुसती हाक मारली आणि...

लिनक्सची सुरुवात १९९१ मध्ये फिनलंडच्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केली. सेन्सरांचे ड्रायव्हर लिहायचं काम १९९८ च्या सुमारास फ्रोडो लूयार्ड आणि फिलिप एडलब्रॉक यांनी हाती घेतलं. हळूहळू देशोदेशींची माणसं येऊन मिळाली. २००५ मध्ये कर्नलमध्ये या ड्रायव्हरांसाठी स्वतंत्र कप्पा झाला. आज त्यात शेकडो चिपांचे ड्रायव्हर आहेत.

या कामात एक मोठा धडा २००० सालाच्या सुमारास मिळाला. संगणकात कोणकोणते सेन्सर आहेत, हे शोधायला एक प्रोग्रॅम होता. तो दोन तारांवरच्या सगळ्या नंबरांना हाक मारायचा, ‘कोण आहे? कोण आहे?’ यात वाईट ते काय? पण आयबीएम कंपनीच्या काही थिंकपॅड लॅपटॉपांत, त्याच तारांवर संगणकाची महत्त्वाची माहिती जपणारी एक चिप होती. या हाकेचा अर्थ तिने भलताच घेतला. तिला वाटलं, आता आपल्याला काहीतरी लिहायला सांगताहेत! तिने आत जपलेल्या माहितीवर भलतंच काही लिहून टाकलं, आणि ते लॅपटॉप पुन्हा सुरूच होईनात.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी मग काय केलं? चूक झाकली नाही. धोका कसा घडतो, ते सविस्तर लिहून सगळ्यांना सांगितलं. आणि आयबीएमचं मशीन दिसलं की ‘मी इथे काम करणार नाही’ असं म्हणून थांबणारी तपासणी ड्रायव्हरमध्ये घातली. अनोळखी घराची कडीसुद्धा जपून वाजवावी, हे असं कळलं.

मग ५६ चं काय?

आता पुन्हा नागपुरात येऊ. त्या दिवशी चूक निरोप्याची नव्हती, सेन्सरची होती. तुमच्यापैकी कोणी म्हणेल, “मग मधल्या प्रोग्रॅमनेच ५६ चे ४६ का नाही करून टाकले? एवढं तापमान नसतं, हे काय त्याला कळू नये?”

नाही! तेच तर त्याने करायचं नाही. संगणकाच्या प्रोसेसरसाठी ५६ अंश म्हणजे अगदी रोजची गोष्ट. ड्रायव्हर स्वतःच्या मनाने आकडे ‘सुधारायला’ लागला, तर ज्या दिवशी खरोखर धोका असेल, त्या दिवशीही तो ‘सगळं ठीक’ म्हणेल. शिवाय बिघडलेला सेन्सर कोणाला सापडणारच नाही. ५६ हा आकडा जसाच्या तसा पोचला, म्हणून तर लोकांना शंका आली!

शंका घ्यायचं काम माणसांचं. त्याच आठवड्यात, २९ मे २०२४ रोजी, दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवले होते. हवामान खात्याच्या लोकांनी तिथल्या सेन्सरची प्रमाणित उपकरणाशी तुलना केली. सेन्सर ३ अंश जास्त दाखवत होता. एका थर्मामीटरची परीक्षा दुसऱ्या थर्मामीटरने घ्यायची. साधीच युक्ती, पण तिच्यावाचून भागत नाही.

म्हणून निरोप्याने दोनच गोष्टी सांभाळायच्या. कळलं ते जसंच्या तसं सांगायचं. कळलं नाही, तर ‘कळलं नाही’ म्हणायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण हे माणसांनाही सहज जमत नाही, खरं ना?

तुम्हीही करू शकता

ड्रायव्हर लिहिण्यासाठी सी ही संगणकाची भाषा यावी लागते आणि चिपचं माहितीपत्रक बारकाईने वाचावं लागतं. लिनक्सचे सगळे ड्रायव्हर कोणालाही फुकट वाचायला मिळतात. तुम्ही केलेली दुरुस्ती पाठवली, तर जाणकार माणसं ती ओळन् ओळ तपासतात आणि चुका दाखवतात. दुरुस्ती पसंत पडली, तर तुमच्या नावाने ती कर्नलमध्ये जाते. मग ती पाठवणारा बर्डीवर राहतो की बर्लिनला, याने काही फरक पडत नाही.

आणि आई-बाबांनो, तोवर एक काम तुमच्याकडे. उन्हाळा सुरू होण्याआधी घरचा संगणक बंद करून, प्लग काढून, पंख्यातली धूळ जाणकाराकडून साफ करून घ्या. निरोप्या कितीही प्रामाणिक असला, तरी पंखा काही तो पुसू शकत नाही!

डोकं चालवा

१. चिपने पहिला बाइट ३८ पाठवला आणि दुसऱ्यात ‘वर अर्धा’ अशी खूण आहे. ड्रायव्हर कोणता आकडा लिहून ठेवील?
२. पंख्याच्या एका फेरीला ४५० टिक लागले. पंखा मिनिटाला किती फेऱ्या घेतो?
३. चिपने पहिला बाइट २५४ पाठवला, दुसरा शून्य. तापमान किती?

(उत्तरे : १. ३८५००. २. ३०००. ३. उणे २ अंश. २५४ अंश म्हणालात? मग तुम्हीही धांदरट निरोपे! पुन्हा वाचा.)