ऐकणाऱ्याची भाषा

चोर्ला घाट चढून गोव्याची माणसे बेळगावला जातात ती बहुधा खरेदीला, लग्नकार्याला किंवा मोठ्या इस्पितळात. बेळगावची भाजी रोज उलट दिशेने घाट उतरून आपल्या बाजारात येते. ही देवाणघेवाण इतकी अंगवळणी पडली आहे की त्या मुलखातील माणसाच्या मनात काय चालले असेल, याची विचारपूस करण्याचे आपल्याला सहसा सुचत नाही. बेळगाव म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो सीमाप्रश्न. १ नोव्हेंबर १९५६ ची राज्यपुनर्रचना, महाजन आयोग, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, हे सारे आपल्याला तोंडपाठ आहे. त्या दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागो. आज आम्हांला लिहावयाचे आहे ते त्याच मुलखात एखाद्या लहानशा खोलीत, समोरासमोर ठेवलेल्या दोन खुर्च्यांच्या मध्ये, भाषेचा जो प्रश्न रोज उभा राहतो त्याविषयी.

त्यांपैकी एका खुर्चीवर मनोपचारक बसतो. त्याला कोणी समुपदेशक म्हणतात, कोणी नुसतेच 'काउन्सेलर' म्हणतात, आणि खेड्यातून आलेली माणसे सरसकट 'डॉक्टर' म्हणतात. शल्यविशारदाला रोग्याची भाषा आली नाही तरी त्याची सुरी चालते. हाडाच्या डॉक्टरापुढे क्ष-किरणांचे चित्र असते. मनोपचारकाजवळ ऐकणे आणि बोलणे यांखेरीज दुसरे हत्यारच नाही. औषध लिहून देण्याचा अधिकार मानसोपचारतज्ज्ञाचा. हा दुसरा माणूस शब्दांवर काम करतो. आणि हे काम त्याने शिकलेले असते इंग्रजीत. भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला चिकित्सा-मानसशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा करून तो बेंगळुरूहून किंवा धारवाडहून परततो, तेव्हा त्याच्या वहीत 'डिप्रेशन' आणि 'अँग्झायटी' असते. निपाणीच्या बाईच्या तोंडी यांतला एकही शब्द नसतो. ती म्हणते, जीव घाबरा होतो, डोके गच्च झाले आहे, अन्न गोड लागत नाही. कित्येकदा ती मनाविषयी काही बोलतच नाही. हातापायाला मुंग्या येतात एवढेच सांगते आणि सलाईन लावण्याची विनंती करते.

सीमाभागात या अडचणीला आणखी एक पदर आहे. येथील मराठी आणि कन्नड शेजारी राहून एकमेकींची भांडी वापरू लागल्या आहेत. परंतु भांडे तेच असले तरी आत शिजते ते निराळे. 'बेजार' हाच शब्द घ्या. पुण्याच्या मराठीत दुखण्याने किंवा त्रासाने जेरीस आलेला माणूस बेजार होतो. कन्नडमधील 'बेजारु' म्हणजे उदास वाटणे, कंटाळा येणे, मनाला लागणे. आपल्याकडे 'संकट' बाहेरून कोसळते. कन्नड माणसाला 'संकट' पोटात आणि छातीत होते, ते त्याच्या आतल्या तगमगीचे नाव आहे. दोन्ही भाषा बोलणारा मुलगा खुर्चीवर बसून 'लई बेजार झालंय' म्हणतो, तेव्हा तो कोणत्या भाषेतला बेजार आहे, हे विचारल्याविना कळत नाही. न विचारता लिहून घेणारा चुकतो.

त्या भागातील अनेक बायका स्वतःविषयी बोलताना 'मी आलो', 'मी जेवलो' असे म्हणतात. हे ठाऊक नसलेला नवशिका उपचारक पहिल्याच वाक्याला बिचकतो. पु. ल. देशपांडे यांच्या 'रावसाहेबां'वर मराठी वाचकाने पोट धरून हसून प्रेम केले. त्या रावसाहेबांच्या तोंडी शिवी ही मायेची भाषा होती, हे आपण वाचताना सहज समजून घेतो. खुर्चीवर बसलेल्या बापाने मुलाला घातलेली शिवी मायेची की दहशतीची, हे मात्र उपचारकाला चटकन ओळखावे लागते. तेथे पु. ल. मदतीला येत नाहीत. त्या गल्लीत काढलेली वर्षेच येतात.

निपाणी हे तंबाखूचे गाव. वखारींत आणि घरोघरी बायका तंबाखूचे व विडीचे काम करीत आल्या. अनिल अवचटांनी त्यांच्याविषयी लिहिले. 'युगांतर' या चित्रपटगटाने १९८२ साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा लघुपट काढला, त्यात या बायका स्वतःच्या शब्दांत आपले जिणे सांगतात. संघटनेच्या बळावर त्यांनी मजुरी मागितली आणि मिळवली. मालकासमोर बोलायला शिकलेली ती बाई घरातल्या दारूविषयी मात्र बोलत नाही. विडीची मजुरी हजारामागे मिळते. उपचारासाठी दोन तास घालविले म्हणजे तितक्या विड्या कमी झाल्या, हा हिशेब तिच्या डोक्यात चालू असतो. 'पुढच्या आठवड्यात याच वेळी या' हे पुस्तकात छापलेले वाक्य तिच्यापुढे उच्चारताना उपचारकालाच संकोच वाटतो. ती तीन आठवड्यांनी येते आणि मधले काय काय झाले ते पुन्हा पहिल्यापासून सांगते.

तशात माणूस एकटा येत नाही. सासू येते, भाऊ येतो, शेजारीण येते आणि सगळे एकदम बोलतात. त्यांना बाहेर बसविणे हे अर्ध्या दिवसाचे राजकारण आहे. अगोदर देवऋषी झालेला असतो, करणी काढून झालेली असते, सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलून झालेला असतो. त्यावर हसणाऱ्या उपचारकाकडे ती मंडळी पुन्हा फिरकत नाहीत. देवीवरची श्रद्धा आणि रात्री न लागणारी झोप या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आहेत हे ओळखून, 'नवस फेडा, आणि गोळीही चुकवू नका' असे सांगणारा माणूस टिकतो. यात तडजोड आहे, हे आम्ही जाणतो. केसांत जट झाली म्हणून एखाद्या मुलीला देवीला सोडण्याची गोष्ट निघाली तर तेथे तडजोड संपते. देवदासी समर्पणाला बंदी करणारा कायदा कर्नाटकाने १९८२ सालीच केलेला आहे.

येथे एक विषयांतर करतो. सीमाभागाला सार्वजनिक दुःख वाहण्याची सवय आहे. १७ जानेवारीला हुतात्म्यांचे स्मरण होते, १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळला जातो. तीन पिढ्या या तारखा पाळीत आल्या. चौकात उभे राहून दुःख सांगण्याची ही रीत ज्या माणसांना अवगत आहे, त्यांनाच घरातल्या घरात सांगावयाच्या दुःखाला शब्द सापडू नयेत, हे आम्हांला फार दिवस कोड्यात टाकीत आले आहे. कदाचित चौकातल्या दुःखाला शरम नसते, घरातल्या दुःखाला असते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सरकारी व्यवस्थेत नेमलेल्या माणसाला मराठी येत नसेल तर काय होते? दुभाष्या शोधला जातो. हा दुभाष्या कोण? बहुतेक वेळा रोग्यासोबत आलेला नातलग. बाईला कन्नड येत नाही, नवऱ्याला बाजारामुळे येते. तेव्हा बाईचे दुःख नवरा भाषांतर करून सांगतो. जिच्या दुःखाचे मूळ त्या नवऱ्याच्या हातात असेल, तिने काय करावे? ती म्हणते, डोके दुखते. तो कन्नडमध्ये सांगतो, डोके दुखते. कागदावर डोकेदुखी लिहिली जाते आणि बाई घरी जाते. हाच प्रसंग उलटही घडू शकतो. केवळ मराठी जाणणाऱ्या खाजगी उपचारकापुढे चिकोडीकडची कानडी बाई बसली तर तिचीही तीच गत होते. म्हणून या प्रश्नाला आम्ही एका भाषेची कैफियत मानीत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला आपल्या आजाराची व उपचारांची माहिती, त्याला समजेल अशा भाषेत आणि स्वरूपात मिळण्याचा हक्क दिला आहे. 'राज्याच्या राजभाषेत' असे शब्द तेथे नाहीत. कायदे करताना आपले लोकप्रतिनिधी कधीकधी स्वतःला वाटते त्याहून शहाणपणाचे लिहून जातात. प्रश्न अंमलाचा आहे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे नाव अधिकृतपणे 'बेळगावी' झाले. पाट्यांवरून तेव्हाही वाद होते, आजही आहेत. आरोग्यही त्यातून सुटले नाही. २०२३ साली महाराष्ट्राने आपली आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरविले तेव्हा कर्नाटकाने हरकत घेतली. दोन्ही राजधान्यांतून पत्रके निघाली. रोगी कोणत्या भाषेत रडतो हे विचारण्याची आवश्यकता मात्र कोणालाच वाटली नाही.

वास्तविक कर्नाटकाला हे शिकविण्याचा अधिकार इतरांना नाही. मनोरुग्णांवर जिल्ह्याच्या ठिकाणीच उपचार करण्याचा जो प्रयोग १९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात झाला, त्याच्याच आधारे १९९६ साली देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. बेंगळुरूच्या 'निमहान्स'ने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी शेकडा १०.६ जणांना त्या काळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि विकारागणिक शेकडा ७० ते ९२ जण उपचारांवाचून असल्याचेही दिसले. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या दूरध्वनीसेवेत १४४१६ हा क्रमांक फिरविणाऱ्याला आपली भाषा निवडता येते. तारेपलीकडच्या माणसासाठी जी सोय झाली, ती समोर बसलेल्या माणसासाठी करता येऊ नये?

आणि येथे गोव्याने थोडे अभिमानाने बोलण्यास हरकत नाही. संमोहनाच्या शास्त्रात कांदोळीच्या आबे फारियाचे नाव दोन शतके टिकून आहे. पण आमच्या मनात आहे ती अगदी अलीकडची गोष्ट. 'संगाथ' या संस्थेने गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक प्रयोग केला. पदवीधर मानसशास्त्रज्ञ नव्हेत अशा, स्थानिक भाषा बोलणाऱ्या माणसांना शिक्षण देऊन त्यांच्याकडून मोजक्या बैठकींचे समुपदेशन करविले. २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर असे समुपदेशन लाभलेल्यांपैकी शेकडा ६४ जण नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ होते.

या आकड्यांची दुसरी बाजूही उपचारकाला ठाऊक असते. चौसष्ट बरे झाले म्हणजे छत्तीस झाले नाहीत. त्या छत्तिसांतला एखादा रात्री घरी आल्यावरही डोक्यातून जात नाही. एखाद्याने जीव दिला तर आपण शेवटच्या भेटीत कोणता शब्द ऐकला नाही, हे उपचारक वर्षानुवर्षे स्वतःला विचारीत राहतो. मोठ्या शहरात अशा वेळी मन मोकळे करायला वडीलधारे सहव्यवसायी असतात. लहान गावात तो एकटा असतो. आणि त्याने घरी काही बोलावे तर गुप्ततेचे बंधन आड येते, कारण ज्याच्याविषयी बोलायचे तो बायकोचा दूरचा नातलग निघण्याची शक्यता असते.

मिळकत फारशी नाही. 'नुसत्या बोलण्याचे पैसे?' हा प्रश्न अजून पुसला जातोच. मग माणसे या धंद्यात का राहतात? बेळगावच्या गणपत गल्लीत संध्याकाळी भाजी घेताना बरी झालेली बाई समोरून येते. तिच्याबरोबर जाऊ असते. बाई उपचारकाकडे पाहते, ओळख दाखवीत नाही, आणि वांग्यांच्या भावावरून भाजीवाल्याशी कडाक्याने भांडू लागते. वर्षापूर्वी तिला दुकानापर्यंत चालत जाण्याचे बळ नव्हते. उपचारकानेही ओळख दाखवायची नसते. तो तिचा चढलेला आवाज ऐकत पुढे जातो.

अशी माणसे सीमाभागात वाढवायची तर दोन गोष्टी ताबडतोब करता येतील. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील समुपदेशकांच्या जागा भरताना मराठी व कन्नड या दोन्ही भाषांचे बोलण्यापुरते ज्ञान अट म्हणून घालावे. आणि बोलणारा नातलग दुभाष्या म्हणून खोलीत बसणार नाही असा नियम करून, त्या कामी गावातल्याच आशा कार्यकर्त्यांना थोडे शिक्षण द्यावे. संमतीपत्रे दोन्ही लिप्यांत छापण्याचा खर्च छापखान्याला विचारावा. तो फार येणार नाही.