पंचांचा दुष्काळ

पंचांमुखीं परमेश्वर असें आपण म्हणतों. परंतु ज्या पंचाच्या गळ्यांत शिटी असते त्याच्या मुखीं परमेश्वर वसतो असें मानणारा प्रेक्षक आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं. शिटी आपल्या बाजूनें वाजली तर ती न्यायाची, विरुद्ध वाजली तर पंच आंधळा, असा सर्व देशांतील प्रेक्षकांचा अलिखित कायदाच आहे. अमेरिकेंतील हायस्कुलांत जो बास्केटबॉल खेळतात त्याच्या पंचांविषयीं आज आम्ही चार शब्द लिहिणार आहों. विषय दूरचा वाटेल. पण आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे मुलगे, पुतणे, भाचे न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत स्थायिक झालेले आहेत. त्यांचीं मुलें तेथील शाळांतून खेळतात. आणि सहा महिने नातवंडांकडे राहावयास गेलेले आजीआजोबा हिवाळ्यांतल्या संध्याकाळीं शाळेच्या व्यायामशाळेंतील बांकांवर बसून हा खेळ पाहतात. तेथें त्यांस चेंडूच्या आवाजाआधीं ऐकूं येते ती आईबापांची आरडाओरड.

त्या आरडाओरडीचा मथितार्थ एकच असतो: पंचगिरीचा दर्जा फार घसरला आहे. ही तक्रार अगदींच खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र तो दर्जा कशानें घसरतो याचा शोध तक्रार करणारांनींच एकदां घ्यावा, कारण कारणाचा बराच मोठा भाग त्यांच्याच बांकावर बसलेला आढळेल.

हा खेळ इ. स. १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें काढला. बहुतेक खेळ लोक आधीं खेळतात आणि नियम मागाहून होतात. येथें उलट झालें. शिक्षकानें तेरा नियम लिहून काढले, सज्जाला दोन्हीं बाजूंस पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या, आणि मग अठरा विद्यार्थ्यांचे दोन संघ करून खेळ सुरू केला. धक्का देणें, धरणें, पाडणें हें सर्व वर्ज्य करून हिवाळ्यांत छपराखालीं खेळतां येईल असा खेळ त्यास पाहिजे होता. म्हणून पंचांचा विचार त्यानें पहिल्याच दिवशीं करून ठेवला होता. एक पंच माणसांवर नजर ठेवणारा, त्याचें नांव अम्पायर. दुसरा चेंडूवर नजर ठेवणारा, त्याचें नांव रेफरी. ही वांटणी आम्हांस फार मार्मिक वाटते. चेंडूकडे सर्वच जण पाहतात; माणसांकडे पाहण्यासाठीं निराळा माणूस नेमावा लागतो, हें त्या शिक्षकानें ओळखलें होतें.

आतां नांवें तींच आहेत, पण कामाची ती वांटणी राहिलेली नाहीं. एक रेफरी आणि त्याच्या जोडीस एक किंवा दोन अम्पायर असतात, आणि सर्वच सर्व कांहीं पाहतात. हायस्कुलांतील कोर्ट ८४ फूट लांब व ५० फूट रुंद. त्यावर दहा दांडगे पोरगे वाऱ्यासारखे धांवत असतात. आपल्या भाषेंत पंचाला मध्यस्थ असाहि शब्द आहे. बास्केटबॉलांत मात्र मध्यें उभा राहिलेला पंच फुकट जाय. तीन पंच असले तर एक टोपलीजवळच्या शेवटच्या रेषेबाहेर, दुसरा मागें मध्यरेषेच्या बाजूस, आणि तिसरा समोरच्या कडेस असा त्रिकोण करून ते उभे राहतात. चेंडू दुसऱ्या टोंकाकडे वळला कीं मागचा तो पुढचा होतो व पुढचा तो मागचा. प्रत्येकाला कोर्टाचा आपापला भाग नेमून दिलेला असतो, आणि ज्याच्या भागांत चेंडू नाहीं त्यानें चेंडूकडे पाहूं नये अशी शिकवण आहे. कोपर मारणें, सदरा ओढणें, पाय आडवा घालणें हे उद्योग बहुधा चेंडूपासून दूरच चालतात. परंतु धांवत्या चेंडूवरून दृष्टि काढून घेणें हें माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. नव्या पंचाचे डोळे प्रेक्षकाप्रमाणेंच चेंडूमागें धांवतात. तें वळण मोडण्यास वर्षें लागतात, आणि खालच्या वर्गांच्या सामन्यांत तर पुष्कळदां दोनच पंच असतात. दहा खेळाडू आणि चार डोळे!

या पंचांच्या नियमांत एक कलम असें आहे कीं, एकानें आपल्या अधिकारांत दिलेला निकाल दुसऱ्यानें फिरवूं नये. रेफरी मुख्य खरा, पण त्यालाहि तो अधिकार नाहीं. आईनें मुलाला दिलेली शिक्षा आजीनें पुढच्या दारानें माफ करावी, ही आपल्या एकत्र कुटुंबांतील रीत तेथें चालत नाहीं.

न्यायशास्त्राचा ज्यांस थोडा परिचय आहे त्यांस प्रमाणांचा विचार ठाऊक असेलच. धूर दिसला म्हणजे डोंगरावर अग्नि असला पाहिजे, हें अनुमान शास्त्रांत चालतें. पंचाला तें चालत नाहीं. त्याला प्रमाण एकच, प्रत्यक्ष. जें आरंभापासून शेवटपर्यंत डोळ्यांनीं पाहिलें त्याचीच शिटी वाजवावी, तर्कानें वाजवूं नये, असें अनुभवी पंच नवख्यांना सांगत असतात. बांकावरचा बाप मात्र शुद्ध अनुमानवादी असतो. पोरगा पडला, ज्या अर्थीं पडला त्या अर्थीं कोणीं तरी ढकलला, आणि शिटी वाजली नाहीं, त्या अर्थीं पंच विकला गेला! हेत्वाभासाचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस वर्गांत कधीं सांपडलें नव्हतें.

वस्तुतः नियम काय आहे पहा. अडविणाऱ्या खेळाडूनें प्रतिपक्ष्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकले कीं त्यानें आपली जागा मिळविली. त्यानंतर ती राखण्यासाठीं त्याला बाजूस किंवा मागें सरकतां येतें. खांबासारखें निश्चल उभें राहण्याचें बंधन नाहीं, जरी बहुतेक प्रेक्षकांची समजूत तशी असते. अशा खेळाडूच्या छातीवर चेंडूवाला येऊन आदळला तर दोष चेंडूवाल्याचा. परंतु चेंडूवाल्याचे पाय जमिनीवरून सुटल्यानंतर हा आडवा आला असेल तर दोष याचा. सगळा प्रश्न आधीं कोण व मागून कोण एवढाच, आणि हें पौर्वापर्य डोळ्याचें पातें लवण्याइतक्या काळांत ठरतें. म्हणून जाणता पंच अशा वेळीं चेंडूकडे पाहत नाहीं, अडविणाऱ्याच्या पायांकडे व धडाकडे पाहतो. चेंडूला हात लावलेला असतांना त्या हातावरच फटका बसला तर तो फाऊल नव्हे, कारण तेवढ्यापुरता हात हा चेंडूचाच भाग धरला आहे. पाठीमागून उंच उडी मारून चेंडू घेणें हाहि फाऊल नव्हे. अंगाला अंग लागून दुसऱ्याची अडचण झाली तर फाऊल. या दोन गोष्टींवर जेवढा घसा बसतो तेवढा कशावरच बसत नसेल. कांहीं खेळाडू धक्का न लागतां लागल्याचें सोंग करून पडतात, तेंहि आहेच. २०२४-२५ च्या हंगामापासून नियमकर्त्यांनीं अशा सोंगाला पहिल्यांदां संघाला ताकीद आणि पुन्हा केल्यास शिक्षा असें ठरविलें.

पंच निर्दोष असतात असें मात्र कोणीं समजूं नये. महाविद्यालयांतील सामन्यांचा अभ्यास करून २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत असें दाखविलें आहे कीं, एका संघाचे फाऊल जास्त झाले म्हणजे पुढचा फाऊल दुसऱ्या संघावर पुकारला जाण्याचा संभव वाढतो. म्हणजे पंचाचें मन नकळत हिशेब बरोबर करूं पाहतें. यजमान संघाला झुकतें माप मिळतें असेंहि त्यांत आढळलें. हायस्कुलांतील पंच त्यांहून कमी अनुभवी, तेव्हां त्यांच्यांत हा दोष नसेल असें मानण्यास जागा नाहीं. पहिल्या भागांत ज्यावर शिटी वाजली नाहीं त्यावर शेवटच्या भागांत वाजली, तर खेळाडूंनीं करावें तरी काय? हा खरा दोष आहे, आणि तो ओरडण्यानें वाढतो. कारण ज्याचे कान प्रेक्षकांकडे लागले त्याचे डोळे कामावर राहत नाहींत.

शिवाय घरीं दूरदर्शनवर व्यावसायिक सामने पाहणाऱ्यांस एकच प्रसंग चार बाजूंनीं, मंद गतीनें पाहण्याची संवय लागलेली असते. शाळेच्या साध्या सामन्यांत तसली सोय पंचाला नसते. तो बहुधा दिवसभर शिक्षक, कारकून किंवा दुकानदार म्हणून राबलेला असतो. संध्याकाळीं काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घालून, थोड्याशा मानधनासाठीं स्वतःची मोटार हांकीत बर्फांतून आलेला असतो.

आतां दुष्काळाची गोष्ट. अमेरिकेंतील हायस्कुलांच्या खेळांचे नियम करणारी जी मध्यवर्ती संस्था, नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स, ती १९२० सालीं स्थापन झाली व तिचें ठाणें इंडियानापोलिस येथें आहे. तिच्या सांगण्याप्रमाणें २०१८-१९ आणि २०२१-२२ या हंगामांच्या दरम्यान निरनिराळ्या खेळांच्या सुमारें ५०,००० पंचांनीं काम सोडलें. मध्यंतरीं कोविडची सांथ आली होती, तिचा वांटा यांत मोठा आहे, आणि पुढें संख्या पुन्हा वाढूं लागली. पण आजार सांथीच्या आधींचाच होता. २०१९ च्या जानेवारींत त्याच संस्थेच्या प्रमुख कॅरिसा नीहॉफ यांनीं पालकांस उद्देशून एक लेख प्रसिद्ध केला, त्यांत नवे पंच शेंकडा ८० दोन वर्षांतच शिटी टाकून देतात असें म्हटलें होतें. पंचांच्या राष्ट्रीय संघटनेनें २०१७ सालीं सतरा हजारांहून अधिक पंचांस प्रश्न विचारले, तेव्हां पुरुष पंचांपैकीं जवळजवळ निम्म्यांनीं आपल्यास केव्हांना केव्हां स्वतःच्या सुरक्षिततेची धास्ती वाटल्याचें सांगितलें. आणि सर्वांत अधिक त्रास कोणाचा, तर आईबापांचा!

हीं दोन वर्षें म्हणजे काय हें ज्यानें शाळेंत शिकविलें आहे त्याला सांगावयास नको. नवा शिक्षक दोन वर्षांत वर्गाकडे पाहावयास शिकतो. शिकवावयास त्यानंतर लागतो. पंचाचेंहि तसेंच. डोळे चेंडूवरून काढण्याचें वळण लागावयाच्या सुमारासच तो निघून जातो. त्याच्या जागीं दुसरा नवखा येतो, तोहि तसाच चुकतो, त्यालाहि तसेंच हांकून लावण्यांत येतें, आणि मग प्रेक्षक म्हणतात कीं हल्लीं चांगले पंच मिळत नाहींत.

तिकडे असतांना आम्हीं पाहिलेला एक प्रसंग सांगतों. दहा वर्षांच्या मुलांचा सामना होता. शिटी वाजविणारा त्याच गांवच्या हायस्कुलांतला सोळा एक वर्षांचा पोरगा. आमच्या ओळखीचे एक सुविद्य गृहस्थ, पुण्याच्या चांगल्या घराण्यांतले, आपल्या मुलासाठीं आलेले. हल्ला करणाऱ्या संघाचा खेळाडू टोपलीपुढच्या रंगविलेल्या पट्ट्यांत तीन सेकंदांवर थांबला तर नियमभंग होतो, तेवढाच एक नियम त्यांस ठाऊक होता. “तीन सेकंद! तीन सेकंद!” असा त्यांचा इंग्रजींतून गजर सुरू झाला. पट्ट्यांत शिरलेला मुलगा चेंडू आपटीत टोपलीकडे निघाला होता, आणि अशा मुलाला नियमच सवलत देतो. पोरग्याचें बरोबर होतें. पण त्यानें दोनदां बांकाकडे पाहिलें, आणि तिसऱ्यांदां शिटी वाजविली. मध्यंतरांत आम्हीं त्या गृहस्थांस म्हटलें, “अहो, आपल्या मास्तरांपुढें असा आवाज कधीं काढला होतात काय?” ते हंसून म्हणाले, “काका, इथें सगळेच ओरडतात.” पुढच्या शनिवारीं तो पोरगा आला नाहीं. व्यवस्था पाहणाऱ्या बाईंनीं शिटी हातांत धरून बांकावरच्या मंडळींस विचारलें, आपणांपैकीं कोणी येतां काय? कोणी उठलें नाहीं. शेवटीं त्यांनींच ती गळ्यांत घातली.

कांहीं संस्थानांतील हायस्कुलांत आतां पंचगिरी हा विषय म्हणून शिकवूं लागले आहेत. मुलें नियम वाचतात आणि खालच्या मुलांच्या सामन्यांत शिटी वाजवून पाहतात. ज्यांचीं नातवंडें पंधरासोळा वर्षांचीं आहेत त्यांनीं चौकशी करावी. निदान खुणा तरी त्यांच्याकडून शिकून घ्याव्या: शिटीबरोबर मूठ वर गेली तर फाऊल, म्हणजे अंगाला अंग भिडलें, उघडा तळवा वर गेला तर केवळ नियमभंग, चेंडू दुसऱ्या बाजूस. एवढें कळलें तरी बांकावरचे अर्धे वाद पंच तोंड उघडण्यापूर्वींच मिटतात.