बुधवार, सी फॉर्मचा वार

पहाटे ४.१०

माझ्या गावाहून, बिरशाहून, निघताना मोटारसायकलचा उजेड धुक्यात चार हातांपुढे जात नाही. जानेवारीतली थंडी कानामागून शिरते, म्हणून कानटोपीवर हेल्मेट आणि स्वेटरच्या आत छातीशी कालचा पेपर. आई चहा ठेवते आणि रोज तेच विचारते, "बाबू, इतक्या पहाटे कोण येऊन राह्यलं तिथं?" येत कोणी नाही, जातात. मुक्की गेटातून कान्हाच्या जंगलात शिरायचं म्हणून पाहुणे अंधारात उठतात, आणि त्यांच्या आधी मी.

त्या बाजूच्या एका रिसॉर्टवर मी फ्रंट ऑफिसला आहे. हसून नमस्कार करायचा, किल्ली द्यायची, असं लोकांना वाटतं. खरं काम पासपोर्ट वाचायचं.

५.०५

पाहुण्यांना ब्लँकेट, गरम पाण्याची पिशवी, चहा. मी टेबलावर परमिटचा कागद आणि ओळखपत्रं जुळवत बसतो. परमिट काढताना जो क्रमांक लिहिला, त्याच क्रमांकाचं मूळ ओळखपत्र गेटवर दाखवावं लागतं. भारतीयांचं आधार वगैरे चालतं, परदेशी माणसाचा पासपोर्ट. झेरॉक्स नको, मोबाईलमधला फोटो नको.

आज एका जिप्सीत न्यू जर्सीचं मराठी कुटुंब. आजी पुण्याच्या, मुलगा-सून अमेरिकन नागरिक, नात नऊ वर्षांची. आजींचं आधार जुळलं. मुलगा-सुनेचे पासपोर्ट जुळले. नातीचा पासपोर्ट हातात घेतला आणि माझा चहा तसाच राहिला. परमिटवरचा क्रमांक वेगळा, हातातल्या पासपोर्टवरचा वेगळा.

गोष्ट अशी. अमेरिकेत १६ वर्षांखालच्या मुलांना पासपोर्ट ५ वर्षांचाच मिळतो. भारताचा ई-टुरिस्ट व्हिसाही ५ वर्षांचा मिळतो. पोरीचा व्हिसा जुन्या पासपोर्टवर काढलेला. मध्ये पासपोर्ट संपला, नवा आला, व्हिसा मात्र अजून जिवंत. यात गैर काही नाही. नव्या पासपोर्टसोबत जुनाही जवळ बाळगला की तोच व्हिसा चालतो. मुंबईला इमिग्रेशनवर दोन्ही दाखवून ती रीतसर आत आली. मग सगळे नागपूरला आत्याकडे दोन दिवस राहिले, आणि "आता या जुन्याचं काय काम" म्हणून तो आत्याच्या कपाटात ठेवून इकडे निघाले. परमिट काढताना त्यांनी मला पाठवलेला व्हिसाचा कागद समोर होता. मी त्यावरचाच पासपोर्ट क्रमांक उचलला. नव्या पासपोर्टचं पान मागवायला हवं होतं, मागवलं नाही. चूक माझी.

५.४०

"अरे बाळा, लहान मुलीला कोण अडवणार आहे?" आजी म्हणाल्या.

"आजी, अडवतील. आणि त्यांचं बरोबर असेल."

आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वाघ मीच लपवून ठेवलाय. मग शाल सावरली आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं जा. आम्ही दोघी थांबतो." पोरगी रडली नाही. तिनं विचारलं, की दुपारी जाता येईल का. इथं माझी जीभ जड झाली. आज बुधवार. बुधवारी दुपारची सफारी बंद असते.

नशीब एवढंच, की गुरुवार सकाळचं परमिटही होतं आणि तेही त्याच जुन्या क्रमांकावर. म्हणजे तो पासपोर्ट रात्रीच्या आत इथं पोचला पाहिजे. मुलानं नागपूरला बहिणीला झोपेतून उठवलं.

६.३०

जिप्स्या गेल्या. आजी आणि नात स्वयंपाकघराच्या मागच्या अंगणात शेकोटीपाशी बसल्या. आचाऱ्यानं पोहे केले. इकडचे पोहे, वरून शेव आणि तर्री. आजींनी एक घास घेतला. "गोड नाही का घालत?" एवढंच विचारलं. पुणेरी माणूस कुठंही गेला तरी परीक्षकच असतो.

८.१५

नागपूरहून गाडी निघाल्याचा फोन आला. भंडारा, गोंदिया, बालाघाट, बैहर. धुकं निवळलं तर दुपारपर्यंत येईल.

दरम्यान एक चौकशीचा फोन. रायपूरच्या कुणा ट्रॅव्हलवाल्याकडे परदेशी पाहुणे आहेत, "बिरसा एअरपोर्टवरून गाडी पाठवाल ना?" हे मला वर्षातून दोनचारदा ऐकावं लागतं. बिरसा मुंडा विमानतळ रांचीला. बिरसी विमानतळ गोंदियाला. आमच्या बिरशात विमान फक्त वरून जातं. आणि परदेशी माणूस गोंदियाला थेट परदेशातून उतरूही शकत नाही. विमानानं ई-व्हिसावर देशात शिरायला ठरावीक विमानतळच आहेत. आम्हाला जवळचा त्यातला नागपूर. बाहेर पडताना मात्र ती अट नाही, इमिग्रेशन असलेल्या कुठल्याही नाक्यावरून जाता येतं. हे मी त्यांना सावकाश सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग बिरशात काय आहे?" मी म्हटलं, मी आहे.

१०.००

गाड्या परतल्या. बारशिंगे भरपूर दिसले, वाघाचा फक्त ठसा. परदेशी पाहुणे वाघासाठी येतात, पण कान्हाची खरी शर्थ बारशिंग्यांची आहे. १९७० च्या सुमारास इथं ते ६६ वर आले होते. तिथून वाढवले.

नाश्ता चालू असताना मी कालच्या पाहुण्यांचे पासपोर्ट गोळा करतो. आता माझं दुसरं काम सुरू: सी फॉर्म. परदेशी माणूस रात्री जिथं टेकतो, त्या जागेच्या मालकानं २४ तासांच्या आत सरकारी संकेतस्थळावर त्याची नोंद करायची. मोठ्या शहरांत त्यासाठी स्वतंत्र परदेशी नोंदणी कार्यालय असतं, बालाघाटसारख्या जिल्ह्यात ते काम पोलीस अधीक्षकांकडे. सप्टेंबर २०२५ पासून कायदाही नवा आलाय. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे मोडीत काढून एकच केला. माझ्या टेबलावर फरक एवढाच, की आता लोक जरा जास्त घाबरून विचारतात.

जर्मन जोडप्याचा पासपोर्ट. फोटोखालच्या दोन ओळी, प्रत्येकी ४४ खुणांच्या, मध्ये मध्ये बाणाच्या टोकासारखी चिन्हं. तिथं देशाच्या जागी बाकी सगळ्यांची तीन अक्षरं, जर्मनीचं एकटं 'डी'. क्रमांकात एक गोल आकडा. शून्य की 'ओ'? नवीन होतो तेव्हा यावर मी अर्धा तास घालवला होता. आता माहीत आहे: जर्मन पासपोर्टच्या क्रमांकात 'ओ' हे अक्षर वापरतच नाहीत. घोळ होऊ नये म्हणून काही अक्षरं मुद्दाम गाळलीत. दिसतं ते शून्यच. ज्यानं हे ठरवलं तो कधीतरी काउंटरवर बसला असणार.

इंग्लंडच्या एका बाईंच्या पासपोर्टात पिवळं कार्ड ठेवलेलं. त्या मसाई मारा करून आल्यात. केनियाहून भारतात यायचं तर यलो फीव्हरची लस लागते आणि ती घेतल्यावर १० दिवसांनी लागू धरतात. दाखला नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवतात. एकदा घेतलेली लस २०१६ पासून जन्मभर ग्राह्य. आफ्रिकेचं जंगल बघून थेट आपल्याकडे येणारे पुष्कळ. बाईंनी सगळं जागच्या जागी ठेवलं होतं. दर तीन महिन्यांनी असा एक पाहुणा भेटला पाहिजे, म्हणजे नोकरी टिकते.

११.३०

नेट गेलं. राउटर बंद-चालू केला. मोबाईल घेऊन पाण्याच्या टाकीवर चढलो. एक काडी आली आणि गेली. "सर, टॉवर ही बंद है," खालून माळी म्हणाला. त्याला कसं कळतं देव जाणे, पण चुकत नाही.

काल हे सहा परदेशी पाहुणे दुपारी चारला उतरले. आज चारच्या आत सहा फॉर्म गेले पाहिजेत.

१२.४५

बैहर जवळ पडतं, पण बिरशातला एमपी ऑनलाइनचा दुकानदार माझ्या वर्गातला. शिवाय घरी जेवण होतं. पासपोर्ट, व्हिसाचे आणि पाहुण्यांचे फोटो पेनड्राइव्हवर घेऊन तासाभरात दुकानात. मूळ पासपोर्ट मी कधीच कुणाचा बाहेर नेत नाही.

दुकानात एक पोरगा आधीच बसलेला. आखातात जायचंय, वेल्डिंग शिकलाय. माझा मित्र त्याचा पासपोर्टचा अर्ज भरत होता. ३६ पानी, १५०० रुपये.

"दहावी पास आहेस ना?"

"नापास."

मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं ते एवढं: दहावी नसेल तर पासपोर्टवर ईसीआर लागेल, म्हणजे आखाती देशांत कामाला जाताना सरकारची आधी परवानगी घ्यावी लागेल. ते तुझ्याच भल्याचं आहे. कुणी एजंट "टुरिस्ट व्हिसावर चल, तिकडं बदलून घेऊ" म्हणाला तर उठून यायचं. पोरगा मान हलवत होता. ऐकलं का, ठाऊक नाही.

मग माझे फॉर्म. नाव, पासपोर्ट, व्हिसा, भारतात कधी आला, कुठून आला, इथून कुठं जाणार, नोकरी करतो का. तारखांपाशी सांभाळावं लागतं. अमेरिकन माणूस हातानं लिहिताना महिना आधी लिहितो, त्यामुळं ५ मार्चचा ३ मे होतो. न्यू जर्सीच्या दोघांकडे ओसीआय कार्ड, म्हणजे व्हिसा जन्माचा. तरी नोंद करतोच. ओसीआयधारकांना राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क भारतीयांइतकंच घ्यावं, असं केंद्राच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेत आहे. हे त्यांना सकाळी सांगितलं तेव्हा सून म्हणाली, "मुलीचंही काढायचंच होतं, राहून गेलं." राहून गेलेल्याची किंमत आज एक सफारी.

नातीचा फॉर्म शेवटी. नवा पासपोर्ट, व्हिसा जुन्यावरचा. आत्यानं जुन्याच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला होता. फॉर्म गेला तेव्हा २.२० झाले होते. घरी जाऊन वरणभात खाल्ला, उभ्याउभ्या.

३.५०

परत पोचलो तर गाडी आधीच आलेली. ड्रायव्हर गोंदियाचा, पाकीट खिशात नाही, बनियनच्या आत ठेवून आणलेलं. "भाऊ, ताईनं सांगितलं, जीव गेला तरी हे द्यायचं." पोरीनं जुना पासपोर्ट उघडला. त्यात ती चार वर्षांची, दात पडायच्या आधीची. आजींनी चष्मा लावून फोटो बघितला आणि मग मला विचारलं, "या सगळ्यांचे फॉर्म भरलेस. माझा?"

"तुमचा नाही भरावा लागत, आजी. तुम्ही इथल्याच."

"बरंय. एवढं तरी."

८.४५

उद्याची यादी लावली. नातीच्या नावापुढे दोन्ही पासपोर्ट, रबर लावून. माझाही एक पासपोर्ट आहे, घरी ट्रंकेत, ३६ पानं कोरी.

निघायच्या आधी एक सांगायचं राहतंय, आणि ते रिसॉर्टवाल्यांसाठी नाही. सी फॉर्म फक्त हॉटेलांना लागतो असा समज आहे. तो घरालाही लागतो. परदेशी पासपोर्टवाला जावई, नातू, मुलाचा मित्र, कुणीही तुमच्याकडे रात्री मुक्कामाला उतरला, तर २४ तासांच्या आत नोंद यजमानानं करायची असते. ती ऑनलाइन होते. पाहुण्याचा पासपोर्ट आणि व्हिसा समोर ठेवा, आणि जुना पासपोर्ट असेल तर तो कपाटात ठेवू देऊ नका.