आधी काम, मग हत्यार

माझे वडील सुतार होते. त्यांच्या लाकडी पेटीत करवत, रंधा, पटाशी, गिरमिट, हातोडी, गुण्या आणि ओळंबा एवढीच हत्यारं असायची. विजेवर चालणारं त्यात एकही नव्हतं. ती पेटी एका दिवसात भरली नव्हती. एकेका कामानं एकेक हत्यार घरात आणलं होतं. "हत्यार यायच्या आधी काम आलं पाहिजे," असं ते म्हणत. मी बी. ए. झालो, कविता लिहू लागलो आणि त्यांचं हे म्हणणं पार विसरून गेलो. पुढं एकदा सवलतीच्या मोहात मी विजेच्या हत्यारांची भलीमोठी पेटी विकत आणली. तीत शंभराच्या आसपास सुटे भाग होते. आजवर त्यांतले सातआठच वापरले गेले. बाकीच्यांना चार पावसाळ्यांनी गंज चढवला.

म्हणून मुलीनं पुण्यात घर घेतलं आणि तिचा फोन आला, "अब्बा, मशीनची एक पेटी स्वस्तात मिळतेय, घेऊ का?" तेव्हा मी तिला उलट विचारलं, "पहिलं काम कोणतं आहे?" ती म्हणाली, "पुस्तकांसाठी फळी लावायची आहे." मी म्हटलं, "मग आज फक्त ड्रिल घे."

घरकामाच्या हत्यारांची सुरुवात ड्रिलनंच व्हावी, कारण आपल्या घरांच्या भिंती विटांच्या आणि सिमेंटच्या असतात. त्यांत भोक पाडल्याशिवाय आरसा, पडद्याची दांडी, फळी काहीच टिकत नाही. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटानं दाबायचा खटका असलेल्या ड्रिलचं पेटंट अमेरिकेत 1917 साली ब्लॅक आणि डेकर या जोडीला मिळालं. घरगुती वापरासाठी त्यांच्या कंपनीनं स्वस्त ड्रिल बाजारात आणलं ते 1946 मध्ये, म्हणजे दुसरं महायुद्ध संपल्यावर. तोपर्यंत हे यंत्र कारागिरांचं होतं. त्यानंतर ते घरात शिरलं.

ड्रिल घेताना त्यात 'हॅमर'ची सोय आहे ना, ते पाहावं. अशा ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवर घासून उड्या मारतात, त्यामुळं बिट फिरता फिरता भिंतीवर बारीक ठोके देत जातं. विटांच्या भिंतीला एवढं पुरतं. काँक्रीटच्या खांबात किंवा तुळईत मात्र ते रडतं. तिथं आतल्या दट्ट्यानं ठोके देणारं रोटरी हॅमर लागतं. पण घरात अशी भोकं किती पाडायची असतात? त्यापुरतं ते भाड्यानं आणावं किंवा कारागिराला बोलवावं. लाकडात आणि लोखंडात भोक पाडताना हॅमर बंद ठेवावा. बिटंही वेगळी असतात. भिंतीच्या बिटाच्या टोकाला कार्बाइडचा तुकडा असतो, लाकडाच्या बिटाला मधोमध टोचणी असते आणि लोखंडासाठी कठीण पोलादाचं बिट मिळतं. एकाच बिटानं सगळं करू पाहणारा माणूस बिटही घालवतो आणि भोकही.

पूर्वी भिंतीतल्या भोकात लाकडाची पाचर ठोकून तिच्यात स्क्रू बसवत. आता आपण दुकानात जाऊन 'रावल प्लग' किंवा 'फिशर' मागतो. ही दोन्ही मुळात माणसांची नावं आहेत. इंग्लंडचे जॉन रॉलिंग्ज यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तंतूंचा प्लग काढला, तर जर्मनीचे आर्टुर फिशर यांनी 1958 साली नायलॉनचा. स्क्रू आत शिरतो तसा प्लग फुगतो आणि भिंतीला घट्ट धरतो. म्हणून प्लग 8 मिलिमीटरचा असेल तर बिटही 8 चंच हवं. भोक किती खोल पाडायचं, त्याची खूण म्हणून बिटावर चिकटपट्टी गुंडाळावी.

आता माझी चूक सांगतो, कारण ती सांगण्यासाठीच हा सारा प्रपंच. 2011 साली मी घरात एक तसबीर लावायला निघालो. जागा निवडली ती नेमकी स्विचबोर्डच्या वर. भिंतीच्या आतल्या तारा सहसा बोर्डापासून सरळ वर, सरळ खाली किंवा आडव्या गेलेल्या असतात, एवढंही माझ्या ध्यानात आलं नाही. उजव्या हातानं खटका दाबला होता आणि डावा हात ड्रिलच्या पुढच्या धातूच्या भागावर होता. बिट तारेला भिडलं, हाताला झटका बसला आणि त्याच क्षणी घरात अंधार झाला. मी वाचलो. पण वाचलो तो माझ्या हुशारीनं नव्हे, तर आधीच्या घरमालकानं बसवून घेतलेल्या एका छोट्या डबीमुळं.

तिला आरसीसीबी म्हणतात. जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात. आपल्याकडं एमसीबी असला की झालं असं पुष्कळांना वाटतं. पण एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही. 16 अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त प्रवाह वाहू लागल्यावर पडतो आणि माणसाचा जीव घ्यायला अँपिअरचा दहावा भागही पुरतो. आरसीसीबी वेगळा हिशेब ठेवतो. जेवढी वीज गेली तेवढीच परत आली का, हे तो पाहत असतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल आणि तेवढी तफावत पडली, तर तो निमिषार्धात वीज तोडतो. ही तफावत म्हणजे कदाचित आपल्या अंगातून जमिनीत चाललेली वीज असते. ड्रिलवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर त्याचं आवरण दुहेरी आहे असं समजावं. ते यंत्रातल्या बिघाडापासून वाचवतं. भिंतीतल्या तारेपासून मात्र नाही. म्हणून ड्रिल नेहमी प्लॅस्टिकच्या मुठीलाच धरावं. घरात आरसीसीबी नसेल, तर ड्रिलच्या आधी तो बसवून घ्यावा आणि त्याचं चाचणीचं बटण अधूनमधून दाबून पाहावं. त्याच फेरीत डोळ्यांचा चष्मा आणि धुळीचा मास्क आणावा. फिरणाऱ्या ड्रिलजवळ सैल बाही, ओढणी किंवा हातमोजे मात्र नकोत.

ड्रिलनंतर काय? माझा नियम साधा आहे. एखादं हत्यार दोनदा उसनं किंवा भाड्यानं आणावं आणि तिसऱ्यांदा लागलं तर विकत घ्यावं. बहुतेक घरांत दुसरा नंबर बॅटरीवरच्या स्क्रू-मशीनचा लागतो. त्याच्या गळ्याशी आकड्यांचं कडं असतं. आकडा जितका लहान, तितक्या लवकर ते जोर सोडतं, म्हणजे स्क्रूचं डोकं झिजत नाही. दुकानदार 18 आणि 20 व्होल्टमधला फरक सांगू लागला तर भुलू नये. पुष्कळदा बॅटरी तीच असते. 20 हा पूर्ण चार्ज झाल्यावरचा आकडा, 18 हा कामातला. मात्र एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला बसत नाही. त्यामुळं पहिली खरेदी विचार करून करावी.

प्लायवूड कापायची वेळ वरचेवर येत असेल तर जिगसॉ घ्यावी. तिची पाती बहुधा वर येताना कापते आणि वरच्या बाजूला कपचे उडवते. म्हणून प्लायची चांगली बाजू खाली ठेवावी आणि फळी शिकंजात आवळावी. हातानं दाबून धरू नये.

ग्राइंडर सगळ्यांत शेवटी घ्यावा, शक्यतो घेऊच नये. 100 मिलिमीटरची चकती मिनिटाला 11 हजार फेरे घेते, तेव्हा तिची कड ताशी 200 किलोमीटरच्या वेगानं फिरत असते. ती फुटली तर तुकडेही त्याच वेगानं येतात. अडचण होते म्हणून तिच्यावरचं लोखंडी झाकण काढणं किंवा तिच्या जागी लाकूड कापायची दातेरी पाती लावणं, हे आपल्याकडं सर्रास दिसतं. अशा माणसाकडून काम शिकू नये.

पावसाळ्यात बिटांवर आणि पात्यांवर तेलाचा हात फिरवावा. यंत्र महिन्यातून एकदा मिनिटभर चालवावं. बॅटरी पूर्ण उतरलेली ठेवू नये.

मुलीची फळी लागली. भोकं पाडण्याआधी तिनं स्विचबोर्डाची रेघ खडूनं आखून घेतली होती, हे तिनं मला आवर्जून सांगितलं. आज तिच्या पेटीत ड्रिल, स्क्रू-मशीन आणि जिगसॉ अशी तीनच यंत्रं आहेत. चौथी वस्तू ती माझ्याकडून मागून घेऊन गेली. तो माझ्या वडिलांचा ओळंबा. त्याला वीज लागत नाही आणि फळीच्या उभ्या पट्ट्या सरळ आहेत की नाहीत, हे तो आजही बिनचूक सांगतो.